बिऱ्हाड हललं, पोरांच्या शाळेचं काय?



दसऱ्याच्या आगेमागे मराठवाड्यातल्या गावांत मुकादमाच्या चकरा वाढतात. उचल पावसाळ्यातच हातात पडलेली असते आणि बहुतेकदा तेव्हाच संपलेलीही असते. मग एके रात्री ट्रक नाहीतर ट्रॅक्टर दाराशी लागतो. पत्रे, बांबू, पिठाचा डबा, शेळी, कोंबड्या आणि या सगळ्याच्या वर पोरं. बीड, धाराशिव, जालना, परभणी, पाथर्डी-शेवगावकडची माणसं सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुण्याच्या कारखान्यांवर जातात. काही टोळ्या थेट कर्नाटकात, बेळगाव-बागलकोटला. पट्टा पडून परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. शाळेचं दुसरं सत्र नेमकं याच महिन्यांत असतं. म्हणजे पोरगं जूनमध्ये शाळेत बसतं, दिवाळीला उठतं आणि पुढच्या जूनमध्ये वरच्या वर्गात जाऊन बसतं. नाव चौथीत, वाचन दुसरीचं. हे दोनतीन हंगाम झालं की ते स्वतःच म्हणतं, मला शाळा नको.

ऊसतोडीचंच कशाला, वीटभट्टीवर जाणारी बिऱ्हाडं आहेत. नवऱ्याला एमआयडीसीत काम लागलं म्हणून चाकण-भोसरीला भाड्याची खोली घेणारी आहेत. नांदणं जमेना म्हणून दोन लेकरं घेऊन माहेरी आलेल्याही आपल्यात आहेत. गाव बदललं की या सगळ्यांपुढे एकच प्रश्न असतो : इथल्या शाळेत माझ्या लेकराला बसू देतील का? आमच्या कार्यक्रमानंतर बायका हाच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात. दाखला नाही, चालेल का? आधार नाही, चालेल का? वर्षाच्या मध्यात नाव घालतात का?

या सगळ्याचं उत्तर एका वाक्यात सांगतो. सरकारी शाळा कागद नाही म्हणून किंवा उशीर झाला म्हणून सहा ते चौदा वर्षांच्या लेकराला परत पाठवू शकत नाही.

हे आमच्या मनचं नाही. २००९ साली बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. त्यातली चार कलमं आज नीट ऐका, कारण शाळेच्या दारात तीच कामाला येतात. कलम ४ सांगतं की मूल कधीच शाळेत गेलेलं नसलं किंवा मध्येच सुटलेलं असलं, तरी त्याला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं. आठ वर्षांच्या मुलीला पहिलीच्या चिमुरड्यांत बसवून लाजवायचं नाही. तिला तिसरीत घ्यायचं आणि मागे राहिलेलं वेगळं शिकवायचं. त्याला विशेष प्रशिक्षण म्हणतात. कलम ५ दाखल्याचं आहे. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी मागितल्यावर दाखला लगेच दिला पाहिजे, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश लांबवायचा नाही की नाकारायचा नाही. दाखला अडवून ठेवणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, असंही त्याच कलमात आहे. कलम १४ जन्माच्या दाखल्याचं. तो नसला तरी प्रवेश नाकारायचा नाही. दवाखान्यातली किंवा नर्सबाईंच्या रजिस्टरमधली नोंद, अंगणवाडीतली नोंद, आणि यातलं काहीच नसेल तर आईबापाने लिहून दिलेलं वय चालतं. आणि कलम १५ म्हणतं की वर्षाच्या मध्यात आलेल्या मुलालाही घ्यायचं. जून हुकला म्हणून पुढच्या जूनपर्यंत थांबा, हे कायद्यात बसत नाही.

आधार कार्डाचं वेगळं सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त अडवणूक त्यावरून होते. सुप्रीम कोर्टाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सांगितलं आहे की या वयाच्या मुलांच्या शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येत नाही. कार्ड असेल तर जरूर द्या, कामं सोपी होतात. नसेल तर नाव आधी घाला, कार्ड मागाहून काढा.

आता एक गोष्ट आहे जी आमच्या मते बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाची आहे आणि तीच बायकांना कुणी सांगत नाही. तुम्ही कायमच्या जाताय की हंगामापुरत्या, हे आधी ठरवा. दोन्हीची वाट वेगळी आहे.

हंगामापुरत्या जाणार असाल, पट्टा पडल्यावर आपल्याच गावात परतणार असाल, तर दाखला काढू नका. दाखला काढला की गावच्या शाळेतून नाव कमी होतं. परत आल्यावर पुन्हा नव्याने सगळं, आणि मधल्या काळात पोरगं कुठल्याच शाळेचं नसतं. त्याऐवजी गुरुजींकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. काही ठिकाणी त्याला शिक्षण हमी पत्रक म्हणतात. हंगामी स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठीच ते आहे. मुलाचं नाव, वर्ग, मूळ शाळा, त्याला काय येतं काय नाही, हे त्यावर लिहिलेलं असतं. जिथे जाल तिथल्या शाळेत ते दाखवायचं आणि मुलाला त्या वर्गात बसवायचं. गावच्या शाळेतलं नाव तसंच राहतं. परत येताना तिकडच्या शाळेकडून त्यावर हजेरी आणि अभ्यास लिहून घ्यायचा. हे कार्ड ट्रक दारात उभा असताना मागू नका. मुकादम तारीख सांगतो त्याच आठवड्यात शाळेत जा. मुख्याध्यापकांचा फोन नंबरही कार्डाच्या मागे लिहून घ्या, तिकडच्या गुरुजींना एक फोन लावून दिला तर अर्धी बोलाचाली वाचते.

कायमच्या जाणार असाल तर मात्र दाखला हवाच. अर्ज लेखी द्या. अर्ज घेतल्याची पोच दुसऱ्या प्रतीवर घ्या. दाखला हातात आला की तिथेच, शाळेच्या ओट्यावर बसून, कुणाकडून तरी वाचून घ्या. मुलाचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव, आडनाव, जात आणि पोटजात, जन्मतारीख, जन्मगाव. पुढे जातीचं प्रमाणपत्र काढताना शाळेतली हीच नोंद बघतात. एका वेलांटीपायी बारावीनंतर तहसीलच्या चकरा मारणाऱ्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. चूक दिसली तर तेव्हाच दुरुस्त करून मागा.

आणखी एक. हल्ली प्रत्येक मुलाची नोंद ऑनलाइन असते, ‘सरल’मध्ये आणि यूडायसमध्ये. नवी शाळा संगणकावरून जुन्या शाळेकडे मुलाची मागणी पाठवते आणि जुन्या शाळेने तिकडून मूल सोडायचं असतं. तिकडच्या गुरुजींनी ते केलं नाही तर मूल वर्गात बसलेलं असतं पण कागदावर अजून जुन्याच गावात. म्हणून जुन्या शाळेचा ११ अंकी यूडायस क्रमांक आणि मुलाचा आयडी दाखल्यावर आहे का, हे पाहून घ्या. ऑनलाइनचं काम दोन शाळांनी आपसात निस्तरायचं आहे, त्यासाठी मुलाला घरी बसवायचं कारण नाही.

माहेरी आलेल्या बहिणींसाठी. “वडलांची सही आणा” असं सांगून कितीतरी जणींना दारातूनच परत पाठवतात. नवऱ्याकडे सही मागायला जायचं म्हणजे काय, हे सांगायला नको. कायद्यात पालक या शब्दाचा अर्थ दिलेला आहे : आई किंवा बाप, सख्खे, सावत्र किंवा दत्तक घेतलेले. दोघांपैकी कुणीही. प्रवेशाच्या अर्जावर आईची सही पुरते, दाखल्याच्या अर्जावरही पुरते. हे शांतपणे पण ठामपणे सांगा, आणि जाताना गटातली एखादी बाई बरोबर घेऊन जा. एकटीला “उद्या या” म्हणतात, चौघी गेल्या की खुर्च्या देतात. का ते विचारू नका, पण असं होतं खरं.

इंग्रजी शाळेतून काढून सरकारी शाळेत घालायचं असेल तर फी थकली म्हणून दाखला अडवल्याच्या तक्रारी येतात. फीचा हिशेब तुमचा आणि त्या शाळेचा, तो पुढे मिटवा. सरकारी शाळा मात्र दाखल्यावाचून मूल घेऊ शकते, कलम ५ मुळेच.

उलट्या दिशेचं मात्र खरं सांगायला हवं. हा बदलीचा हक्क जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका आणि अनुदानित शाळांपुरता आहे. विनाअनुदानित खासगी शाळेत तो चालत नाही. तिथे गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी २५ टक्के जागा असतात, पण त्या सुरुवातीच्या वर्गात, ऑनलाइन अर्ज करून आणि सोडत काढून मिळतात. ऐन हंगामात गाव बदललेल्या बाईला त्याचा उपयोग नाही. त्या नादात सरकारी शाळेचे चार महिने घालवू नका. आणि कुठल्याही शाळेने प्रवेशासाठी देणगी मागितली किंवा मुलाची, आईबापाची परीक्षा घेतली, तर ते कलम १३ प्रमाणे गुन्ह्यासारखंच आहे. परीक्षा घेणाऱ्या शाळेला पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड आहे, पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत.

इतकं सगळं कायद्यात असूनही पोरं फडातच दिसतात. का? कागद हे अर्धंच कारण आहे. टोळी पहाटे चारला कोयता घेऊन निघते. आई-बाप दोघंही फडात, कारण कोयता म्हणजे जोडी. शाळा भरते दहा-साडेदहाला. सहा वर्षांच्या मुलाला आंघोळ घालून, चार घास भरवून, रस्ता ओलांडून शाळेत सोडणार कोण? शाळा गावात आणि कोप्या कारखान्याच्या तळावर किंवा कुणाच्या तरी रानात. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा असावी असा महाराष्ट्राचा नियम आहे, पण मध्ये कालवा असला आणि उसाच्या ट्रॉल्या धावणारा रस्ता असला तर ते एक किलोमीटर लहान मुलाला एकट्याने चालायचं नसतं. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे धाकटं भावंड. आठ-नऊ वर्षांची मुलगी कोपीत थांबते ती अभ्यास नको म्हणून नाही, तान्ह्याला सांभाळायला.

म्हणून आम्ही म्हणतो, थोरलीची शाळा वाचवायची असेल तर आधी अंगणवाडी शोधा. अंगणवाडी ही फक्त गावातल्यांची नसते. बाहेरगावाहून आलेल्या मुलालाही तिथे बसवायचं असतं, खाऊ द्यायचा असतो. गावाकडच्या सेविकेला निघण्याआधी सांगा, तिच्या मोबाइलमध्ये तुमची नोंद दुसऱ्या अंगणवाडीकडे पाठवायची सोय आहे. लसीकरणाचं कार्ड बरोबर ठेवा. अगदी तान्ह्याची सोय याने होत नाही, तीन वर्षांच्या पुढच्याची होते. पण तेवढ्यानेही एक मुलगी वर्गात बसू शकते.

टोळीत आठ-दहा बिऱ्हाडं असतात. सगळ्यांची शाळेत जाण्याजोगी पोरं एकत्र निघाली तर रस्त्याची भीती कमी होते. एखादी म्हातारी किंवा बाळंतीण मागे राहत असेल तर तिच्यावर सकाळची जबाबदारी द्या आणि मोबदल्यात तिचं पाणी-सरपण बाकीच्यांनी भरा. हे टोळी निघण्याआधीच बोलून ठरवा. तिकडे गेल्यावर कुणाला बोलायलाही त्राण राहत नाही.

मूल गावातच ठेवता आलं तर? आजी-आजोबा धट्टेकट्टे असतील तर आमचं मत त्याच बाजूने आहे. स्थलांतर जास्त असलेल्या भागांत हंगामी वसतिगृहं चालतात. नाव वसतिगृह असलं तरी बऱ्याच गावांत मुलांना शाळेत दोन वेळचं जेवण मिळतं आणि रात्री ती नातेवाइकांकडे झोपतात. ते आपोआप सुरू होत नाही. किती मुलं मागे राहणार याची यादी शाळा व्यवस्थापन समितीने करून पंचायत समितीकडे मागणी द्यावी लागते. यादीत नाव नाही तर ताट नाही. त्यामुळे यादी होते तेव्हा तुमचं मूल त्यात आहे ना, हे पाहून मगच निघा. ही वसतिगृहं अनेकदा उशिरा सुरू होतात, तोवरच्या धान्याची सोय आजीकडे करून ठेवा. टोळी कर्नाटकात जाणार असेल तर तर मूल मागे ठेवलेलंच बरं. कायदा तिकडेही तोच आहे, पण शाळा कन्नड असली तर मराठी चौथीतलं पोर तिथे काय समजून घेणार? सीमेलगत काही गावांत मराठी शाळा आहेत. तशी शाळा जवळ असेल तर गोष्ट वेगळी.

पाचवीतल्या मुलांच्या आयांनी एक लक्षात ठेवा. पाचवीला आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा असते. नापास झालं तर पुन्हा संधी मिळते, पण तीही हुकली तर त्याच वर्गात बसावं लागतं. निघण्याआधी परीक्षेची तारीख आणि ती कुठल्या शाळेत द्यायची, हे दोन्ही विचारून घ्या.

आता ज्या मैत्रिणींच्या गावात ऊस आहे, त्यांच्याशी थोडं. तुमच्या शिवारात दरवर्षी कोप्या पडतात. त्यांतली पोरं वाढ्यांच्या मोळ्या विकत तुमच्या दारावरून फिरतात. कायद्यात कलम ९ आहे. बाहेरून कामाला आलेल्या कुटुंबांच्या मुलांना शाळेत घेणं हे तिथल्या स्थानिक संस्थेचं काम आहे, म्हणजे खेड्यात जिल्हा परिषदेचं आणि गावचं. उपकार नव्हे. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक असतात आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका असाव्या लागतात. त्यांत तुमच्या बचत गटातली कुणीतरी असेलच. तिने कोप्या पडल्या त्याच आठवड्यात मुलं मोजावीत आणि समितीच्या बैठकीत ती संख्या लिहून घ्यायला लावावी. गुरुजी म्हणतील, “ही चार महिन्यांनी जाणार, नावं कशाला घालायची?” चार महिने म्हणजे शंभराच्या आसपास शाळेचे दिवस होतात. तुमच्या स्वतःच्या मुलाने शंभर दिवस बुडवले तर गुरुजी घरी येतील की नाही? शाळेत आलेल्या या मुलांना पोषण आहारही बाकीच्यांसारखाच वाढायचा असतो. त्यांना वेगळ्या ओळीत बसवलं जातंय का, तेवढं एकदा दुपारी जाऊन बघा.

इतकं करूनही शाळा नाही म्हणाली, तर तोंडी भांडण करत बसू नका. “नाही म्हणता ते लिहून द्या,” एवढंच म्हणा. बहुतेक वेळा तिथेच काम होतं. नाही झालं तर केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेत प्राथमिकचे शिक्षणाधिकारी. कलम ३२ प्रमाणे लेखी तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो आणि तो पटला नाही तर राज्याच्या बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाता येतं. तीन महिने म्हणजे तुमचा अर्धा हंगाम, हे आम्हालाही कळतं. म्हणून तक्रार चालू असतानाही मुलाला रोज शाळेत पाठवा. वर्गात बसलेल्या मुलाला उठवणं दारातल्या मुलाला हाकलण्यापेक्षा अवघड असतं.

शेवटी अर्जाचा मजकूर सावकाश सांगतो, गटातल्या लिहिणाऱ्या मुलीने उतरवून घ्यावा.

“प्रति, मुख्याध्यापक, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, पुढे गावाचं नाव. विषय : मुलीला वयानुसार वर्गात प्रवेश मिळण्याबाबत. मी, पुढे आईचं नाव, मूळ राहणार, पुढे गाव, तालुका, जिल्हा. सध्या कामासाठी आपल्या गावात, पुढे शेतमालकाचं नाव किंवा कारखान्याचा तळ, येथे राहते. माझी मुलगी, पुढे तिचं नाव आणि वय, मूळ गावी इयत्ता अमुकमध्ये शिकते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९, कलमे ४, ५, १४ व १५ प्रमाणे तिला आपल्या शाळेत बसू द्यावे. शिक्षण हमी कार्ड सोबत जोडले आहे.” कार्ड किंवा दाखला जवळ नसेल तर “मागाहून आणून देईन” असं लिहा.

खाली तारीख, फोन नंबर आणि सही. सही येत नसेल तर अंगठा चालतो. मुलगा असेल तर तसा बदल करा. दोन प्रती काढा, एक शाळेत द्या आणि दुसरीवर शाळेचा शिक्का आणि तारीख घेऊन ती पिठाच्या डब्यात नको, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.